लेबर रूममधल्या सिस्टरांनी संप करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपुरी माणसं, रखडलेली भरती, सलग नाइट ड्युट्या. या कारणांसाठी बाळंतपणं करणाऱ्या नर्सनी संपावर जावं की नाही, हे मला दोन्हीकडून विचारलं जातं. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली विचारतात, आणि ज्यांच्या घरात कुणाला आठवा-नववा महिना चालू आहे ती माणसंही विचारतात. माझी नोकरी सरकारी दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये गेली, संघटनेचं कामही केलं. माझं मत आधीच सांगून टाकते. संप करावा, पण लेबर रूम एक मिनिटही रिकामी पडू देऊ नये. आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी प्रशासनावर न सोडता संघटनेने स्वतःच्या सहीशिक्क्याने घ्यावी.

मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी नर्स, आपल्याकडे कोण?

सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या बहुतेक जणी दोन प्रकारच्या. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम. त्यांचा कोर्स दोन वर्षांचा. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल, मेडिकल कॉलेज इथे अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलेल्या. फक्त बाळंतपणाचंच काम करणारी वेगळी नर्स असावी म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यासाठी दीड वर्षाचं जादा प्रशिक्षण ठरवलं. अशा नर्स अजून फार थोड्या आहेत.

याचा संपाशी संबंध आहे. लेबर रूममधली कमतरता कागदावर दिसत नाही, कारण पदं नुसती 'नर्स' म्हणून मोजली जातात. वर्षानुवर्षं बाळंतपणं केलेली सिस्टर रोटेशनमध्ये डोळ्यांच्या वॉर्डात जाते आणि तिच्या जागी कालपरवा पास झालेली मुलगी येते. हजेरीपटावर आकडा तोच राहतो. अडलेलं बाळ हाताला ओळखणारी बाई मात्र तिथे नसते.

"स्टाफ कमी आहे" म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

रात्रीचे दोन वाजलेत असं धरा. ग्रामीण रुग्णालय, दोन टेबलं, सिस्टर एक. पहिल्या टेबलावर पहिलटकरीण आहे, पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलंय. तिच्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने ऐकून पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या तक्त्यावर, मांडायचे. दुसऱ्या टेबलावरच्या बाईचं तोंड पूर्ण उघडलंय, ती जोर करतेय. तिच्या बाळाचे ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे आणि तिथून हलायचं नाही. तिसरी तासाभरापूर्वी बाळंत होऊन वॉर्डात गेली आहे. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी तिची नाडी, बीपी, अंगावरून जाणारं रक्त बघायचं, आणि पोटावर हात ठेवून पिशवी दगडासारखी घट्ट आहे की सैल पडली ते चाचपायचं.

दुसरीचं बाळ बाहेर आलं. आता पहिल्या मिनिटातच आईला ऑक्सिटोसिनची, म्हणजे पिशवी आवळून रक्त थांबवणाऱ्या औषधाची, दहा युनिटं स्नायूत द्यायची असतात. बाळ रडलं नाही, तर त्याच मिनिटात त्याला पुसून, मान नीट करून अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने, श्वास सुरू करून द्यायचा असतो. दोन जीव आणि सिस्टर एकटी. हाक मारायला मावशी असायला हवी, पण ती एजन्सीची आणि एजन्सीचा माणूस रात्री नसतो. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबते. कुणाची तरी सासू ओरडते, "सिस्टर, बघा ना हो, पाणी गेलंय हिचं!"

अशा वेळी काय राहून जातं ते ऐका. वॉर्डातल्या तिसऱ्या बाईकडच्या फेऱ्या राहतात, कारण ती गप्प पडलेली असते आणि बाकीच्या ओरडत असतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव नेमका असाच चादरीखाली होत राहतो. पाचशे मिलीलिटरच्या वर रक्त गेलं की धोका धरायचा असं आम्हाला शिकवतात. आपल्याकडच्या अंगात रक्त नसलेल्या बाईला त्याहून कमीही झेपत नाही. आणि सकाळी केसपेपरवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी ओळीने भरलेल्या सापडतात, कारण त्या रिकाम्या राहिल्या तर मेमो येतो. ही खोटी ओळ ज्या मुलीला लिहावी लागते तिला रात्रभर झोप लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. संपाची गोष्ट मोर्चाच्या बॅनरवर नाही, त्या ओळीत सुरू होते.

जागा रिकाम्या का राहतात? भरतीच्या जाहिराती तर येतात.

आधी मंजूर पदंच कमी असतात. पदांचा आकृतिबंध जुन्या लोकसंख्येवर आणि जुन्या खाटांवर बेतलेला असतो. नियमाने सपाटीवर पाच हजार लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र हवं, तीस हजार किंवा वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. वस्ती वाढते, शहराच्या कडेची गावं फुगतात आणि पदं तिथेच राहतात. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, बाया दवाखान्यात येऊ लागल्या. ते फार चांगलं झालं. पण टेबलं वाढली त्या मानाने सिस्टर वाढल्या नाहीत.

मंजूर पदांतलीही सगळी भरलेली नसतात. भरलेल्यांतल्या काही प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे असतात, काही ऑनलाइन नोंदींना बसवलेल्या असतात. काही जणी स्वतः बाळंतपणाच्या १८० दिवसांच्या रजेवर असतात आणि त्यांच्या जागी बदली माणूस मिळत नाही. उरलेल्यांत कंत्राटी आणि बंधपत्रित, म्हणजे बाँडवर ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या. त्यांना मुदत संपली की घरी पाठवायचं आणि पुन्हा नवी मुलगी शिकवायला घ्यायची.

संपात बाळ-बाळंतीण दगावली तर त्याचं पाप कुणाच्या माथी?

खरा प्रश्न हाच आहे. याला "सरकारच्या" असं तडकाफडकी उत्तर देऊन सुटता येत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वीस वर्षांतल्या नर्सच्या संपांचा अभ्यास झालाय. संपाच्या काळात दाखल झालेल्या रुग्णांचे रुग्णालयातले मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेले त्यात दिसले. संपाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा अभ्यास दडवू नये. मी तर संघटनेच्या प्रत्येक बैठकीत तो मुद्दाम काढायचे, कारण आपण कशाला हात घालतोय हे हात घालणाऱ्याला माहीत पाहिजे.

आता दुसरा अभ्यास. युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा, २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. एका नर्सकडे एक रुग्ण जादा झाला की ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यातून निघालं. आपल्या वॉर्डात एका सिस्टरकडे एकच रुग्ण जादा असतो असं कुणी म्हणेल का? संप आठ-दहा दिवसांत मिटतो. ही वाढ वर्षाचे ३६५ दिवस चालू राहते आणि तिची बातमी होत नाही.

बातमी झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बाळं होती. तेव्हा नर्सचा संप नव्हता. औषधं आणि माणसं पुरेशी होती का यावर सगळीकडे बोललं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्याआधी ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सवर. कमतरतेच्या रात्री ड्युटीवर असणं म्हणजे काय, हे त्या दिवसापासून राज्यातल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे.

तरीही लेबर रूम बंद करण्याचं समर्थन मी करत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. घरी येऊन मोकळं करणारी दाई आता गावात उरलेली नाही. असली तरी तिचा हात सुटलाय. पन्नास वर्षांपूर्वी दवाखाना बंद असता तर बाई घरी बाळंत झाली असती. आज ती रस्त्यावर होईल. आपणच गावोगाव फिरून "दवाखान्यात या" म्हणून बायांना आणलं. आता त्या आल्यावर दाराला कुलूप दिसलं तर आपला शब्द मोडला.

म्हणून संप आणि लेबर रूम या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या.

लेबर रूम चालूच ठेवली तर सरकार कशाला घाबरेल?

हा मुलींचा नेहमीचा प्रश्न, आणि रास्त आहे. सरकारचं काय अडतं ते नीट बघा. सरकारचं अडतं ते आकड्यांवाचून. आरोग्य सेविकेचा निम्मा दिवस ऑनलाइन नोंदी, मासिक अहवाल, गुगल शीट आणि व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठका, यांत जातो. ते एका सकाळी थांबलं की दुपारपर्यंत जिल्ह्याचा फोन येतो आणि संध्याकाळपर्यंत पुण्या-मुंबईचा. मी तर म्हणेन संपाचा पहिला टप्पा हाच असावा: रुग्णसेवा पूर्ण, कागद शून्य. रुग्णाच्या केसपेपरवरच्या नोंदी मात्र थांबवायच्या नाहीत. तो कागद रुग्णाचा आहे.

दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षणं, शिबिरं, सर्वेक्षणं, उद्घाटनं, बैठका. तिसऱ्यात जनरल ओपीडी आणि ठरवून होणारी, चार दिवस पुढे गेली तरी चालतील अशी ऑपरेशनं. कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं यात येतात.

गरोदर मातांची तपासणी मात्र या यादीत घालायला माझा विरोध आहे, आणि यावर संघटनेत माझे खटके उडालेत. दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीला येणाऱ्या बायांत एखादीचं बीपी १५० च्या वर निघतं, डोकं दुखतं म्हणते, पायाला सूज असते. ती आठवडाभराने आली तर झटके घेऊन येते. निदान बीपी, लघवीतलं प्रथिन आणि बाळाचे ठोके एवढं बघणारं एक टेबल संपातही मांडलेलं असावं.

लसीकरणाची गावातली सत्रं काही दिवस पुढे गेली तर भरून काढता येतात. जन्मल्यावर लगेच द्यायच्या लसी पुढे ढकलता येत नाहीत. हेपॅटायटिस बीचा पहिला डोस २४ तासांत जायलाच हवा.

संपाआधी कागदावर काय काय करून ठेवायचं?

नोटीस. किमान १४ दिवस आधी, मागण्यांसह, पोच घेऊन. व्हॉट्सअपवर पाठवलेली नोटीस चालत नाही.

नोटिशीच्या सोबत, त्याच लिफाफ्यात, आपत्कालीन ड्युटीचा तक्ता. लेबर रूम, नवजात कक्ष, सिझेरियनचं थिएटर, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी. प्रत्येक पाळीला कोण सिस्टर, तिचं नाव, तिच्या जागी बदली कोण. हा तक्ता सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला द्यायचा आणि एक प्रत दवाखान्याच्या दारावर मराठीत चिकटवायची. "लेबर रूम २४ तास सुरू आहे" ही ओळ मोठ्या अक्षरांत.

तक्त्यात एक गोष्ट हट्टाने करा. दर टेबलामागे एक सिस्टर आणि वॉर्डातल्या नुकत्याच बाळंत झालेल्या बायांकडे एक वेगळी, असा तक्ता लावा. जी माणसं एरवी मिळावीत म्हणून आपण भांडतो, तेवढी त्या दिवशी लेबर रूममध्ये उभी करून दाखवायची. बाकी वॉर्डांतल्या कामावर नसलेल्यांतूनच ती येतील. पत्रकार आले की त्यांना दारावरचा हा तक्ता आणि महिनाभराआधीचा नेहमीचा तक्ता शेजारी-शेजारी दाखवा. मागणी कशाची आहे हे मग समजावून सांगावं लागत नाही.

रेफरची साखळीही लिहून ठेवा. कुठून कुठे, १०८ आणि १०२ च्या रुग्णवाहिका कुठे उभ्या असतील, पुढच्या दवाखान्यात फोन कोण उचलेल. संपात बाई मरते ती बहुधा एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेवर, कुणी आधी फोन न केल्यामुळे. तसं तर ती एरवीही तशीच मरते.

कायद्याने नर्सला संपाचा हक्क आहे का?

संघटना बांधण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. संप हा मात्र मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकापासून सांगितलंय. २००३ च्या टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू सरकार या निकालात तर न्यायालय आणखी पुढे गेलं: सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही अधिकार नाही. राज्य सरकारच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क वेगळा. तो १९६२ च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य झालेला आहे. काळी फीत, जेवणाच्या सुट्टीतली द्वारसभा, ड्युटी संपल्यावरचा मोर्चा हे त्याच्या आधाराने.

रंगराजन निकालातला कायदेशीर भाग न्यायालयाचा, तो मानावाच लागतो. नैतिक अधिकार नाही, हे मला पटत नाही. ज्या खोलीत एका मिनिटात दोन जीवांना दोन हात पुरवायचे असतात, तिथे एकच माणूस नेमणाऱ्याला जाब विचारणं हा नीतीचाच प्रश्न आहे.

खासगी रुग्णालयातल्या नर्सना औद्योगिक कायदे लागतात. तिथे १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय किंवा समेटाची बोलणी चालू असताना केलेला संप बेकायदा ठरतो.

मेस्मा लावला तर?

मेस्मा, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा. तो लागू झाला की त्या सेवेतला संप बेकायदा, वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि संपाला चिथावणी देणाराही गुन्हेगार ठरतो. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले, नर्सही त्यात होत्या. त्याच दिवशी मेस्माचं नवं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. संप २० मार्चला मागे घेतला गेला. २०१८ मध्ये अंगणवाडी ताईंना मेस्मा लावायचा प्रयत्न झाला होता, तेव्हा विधिमंडळात इतका गदारोळ झाला की सरकारला माघार घ्यावी लागली.

व्यवहारात काय होतं? आधी नोटिसा येतात, मग "काम नाही, दाम नाही" म्हणून पगार कापला जातो, कंत्राटींना बडतर्फीची पत्रं जातात. बहुतेक वेळा संप मिटताना ही पत्रं मागे घेतली जातात आणि ते दिवस रजेत धरायचे की सेवेत खंड, यावर बोलणी होतात. पण "बहुतेक वेळा" म्हणजे "नेहमी" नाही. घरात एकटीच कमावती असाल तर हा हिशेब डोळे उघडे ठेवून करा, आणि संघटनेने अशा जणींसाठी आधीच पैसे बाजूला काढलेले असावेत.

संपाने आजवर काही पदरात पडलं का?

पैसे पडलेत. जून २०२१ मध्ये आशाताई राज्यभर संपावर गेल्या, आठवड्याभरात हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. २०२३-२४ मध्ये पुन्हा लांबलचक लढा, आझाद मैदानावर बसून, आणि पाच हजारांची वाढ झाली. केरळात एप्रिल २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या नर्सनी बेमुदत संप आणि चेरथळा ते तिरुवनंतपुरम पदयात्रा जाहीर केली. आदल्या रात्री किमान वेतनाची अधिसूचना निघाली आणि पदयात्रा रद्द झाली.

माणसं मात्र मिळत नाहीत. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या सरकारी नर्स बाह्यस्रोतातून, म्हणजे बाहेरच्या एजन्सीमार्फत, होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या. आश्वासन मिळालं आणि संप मिटला. जुलै २०२५ मध्ये वेतनातल्या त्रुटी आणि कंत्राटी भरती हेच विषय घेऊन पुन्हा संप करावा लागला. भत्ता वाढवायला एक शासन निर्णय पुरतो. पदं भरायची तर वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची यादी), परीक्षा, पडताळणी, एवढी वाट चालावी लागते. संप उठला की ती वाट पहिल्या वळणावरच थांबते.

मग मागणी पगाराची असावी की माणसांची?

दोन्ही असू दे, पण पहिली ओळ माणसांची, आणि मोजता येईल अशी. "रिक्त पदे तातडीने भरा" या मागणीला "कार्यवाही सुरू आहे" एवढं उत्तर पुरतं. त्याऐवजी असं लिहा: आमच्या दवाखान्यात महिन्याला इतकी बाळंतपणं होतात, रात्रपाळीला टेबलामागे एक सिस्टर हवी, त्यासाठी एवढी पदं लागतात, आज एवढी आहेत, या तारखेपर्यंत एवढी द्या. सोबत लेबर रूममध्ये तयार झालेल्या सिस्टरला निदान काही वर्षं तिथून हलवू नका, ही मागणी जोडा. त्या मागणीला तर एक रुपयाही लागत नाही.

परदेशात मिडवाइफ संप करतात का?

करतात. इंग्लंडमध्ये १३ ऑक्टोबर २०१४ ला रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्ह्ज या संघटनेने आपल्या १३३ वर्षांच्या इतिहासातला पहिला संप केला, सकाळी सात ते अकरा असा चार तासांचा. शिफारस झालेली एक टक्का पगारवाढही सरकारने सरसकट द्यायला नकार दिला होता. चालू बाळंतपणांना धक्का लावला नाही. २०२२ मध्ये तिथे पुन्हा मतदान घेतलं, मत देणाऱ्यांपैकी ८८ टक्के संपाच्या बाजूने होत्या, पण एकूण मतदान पन्नास टक्क्यांच्या आत राहिल्याने तिथल्या कायद्याप्रमाणे संप करता आला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडमधल्याच श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांतल्या बाळंतपणांच्या चौकशीचा ऑकेंडन अहवाल आला होता. चांगली सेवा मिळाली असती तर २०१ बाळं वाचली असती किंवा वाचू शकली असती, असं त्यात म्हटलंय, आणि कमी माणसं हे त्यातलं एक ठळक कारण.

आपण उचलावी अशी पद्धत न्यूझीलंडची. तिथल्या रुग्णालयांतल्या मिडवाइफनी २०१८ च्या अखेरीस दोन-दोन तासांचे संप केले. तिथे संपाआधी जीव वाचवणाऱ्या सेवा कोणत्या आणि त्यांना किती माणसं लागतील, हे संघटना आणि रुग्णालयांनी बसून लेखी ठरवायचं असतं. आपल्याकडे असा नियम नाही. म्हणून संघटनेने आपणहून तक्ता द्यावा, असं मी वर म्हटलं.

मी कंत्राटी आहे, माझा बाँड चालू आहे. मी उतरू का?

एकटीने नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या कायम सिस्टर तुमच्यासोबत उतरत असतील आणि तुम्हाला काढलं तर आम्ही परत जाणार नाही, हे त्यांच्या बैठकीच्या ठरावात लिहिलेलं असेल, तर उतरा. नसेल तर आपत्कालीन तक्त्यात तुमचं नाव घालायला सांगा. लेबर रूम सांभाळणारीही संपातच असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये आणि २०२५ मध्ये स्वतःचे मोठे संप केले, ते संख्येच्या जोरावर. ती संख्या तुमच्या दवाखान्यात आहे का, ते आधी बघा.

संपाशिवाय दुसरा मार्ग नाही का?

आहेत, आणि संपाआधी ते सगळे चालून झालेले असावेत. माहिती अधिकारात मंजूर आणि भरलेल्या पदांची यादी मागवा. जिल्हा परिषद सदस्य आणि आमदार यांच्या हातात ती यादी द्या, म्हणजे सभागृहात प्रश्न लागतो. न्यायालयात जनहित याचिका होऊ शकते.

सगळ्यात उपयोगी पण सगळ्यात कमी वापरलेली गोष्ट म्हणजे ड्युटी घेताना हजेरी पुस्तकात किंवा साध्या अर्जावर लिहिलेली दोन ओळींची नोंद: "आज रात्रपाळीस लेबर रूममध्ये मी एकटी, दोन रुग्ण कळांत, तीन प्रसूतिपश्चात; कर्मचारी अपुरे, वरिष्ठांना कळवले, वेळ अमुक." खाली सही, आणि आवक क्रमांक घेतलेली प्रत घरी. भंडाऱ्यासारखा प्रसंग आला तर हा कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यातून महिनाभर असे कागद गेले, तर संपाच्या नोटिशीला जोडायला पुरावा तयार असतो.

डॉक्टर साथ देतात का?

निवासी डॉक्टर बहुतेकदा देतात, कारण ते त्याच रात्री जागतात. वरिष्ठांचं माणसागणिक वेगळं.

नातेवाईक अंगावर येतात, त्यांना काय सांगायचं?

वाद घालू नका. त्यांची बाई कळांत आहे. आधी तिला टेबलावर घ्या, मग बोला. दारावर एक बाई कायम अशी बसवा जी संपात आहे पण कामाला नाही, आणि तिचं काम एकच: येणाऱ्याला "या काकू, लेबर रूम चालू आहे, इकडून या" म्हणून आत पोचवणं. मागण्यांचं पत्रक बाळंतपण झाल्यावर द्या, पेढे वाटायच्या वेळी. तेव्हा आजीसुद्धा वाचून घेते आणि सही करते.

आमच्या घरात याच महिन्यात बाळंतपण आहे आणि संपाची बातमी आली. आम्ही काय करावं?

घाबरून तारखेआधी दाखल होऊ नका आणि भीतीपोटी खासगीत जाऊन कारण नसताना सिझेरियन करून घेऊ नका. संपाच्या आधीच तुमच्या आशाताईला गाठा आणि विचारा: आपलं प्राथमिक केंद्र चालू राहणार का, नसेल तर जवळचं चालू लेबर रूम कुठलं, रात्री तिथे डॉक्टर असतात का. बीपी, आधीचं सिझेरियन, जुळं, रक्त कमी, बाळ आडवं यांपैकी काही असेल तर जिथे ऑपरेशन आणि रक्त दोन्ही मिळतं त्याच ठिकाणी जायचं आधी ठरवा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद एका पिशवीत. गाडीवाल्याचा नंबर फोनमध्ये आणि भिंतीवरही.

पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, बाळाची हालचाल मंदावली, यांतलं काहीही झालं तर संप आहे की नाही याची चौकशी करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा. बाळंतपण झाल्यावर पहिले दोन तास घरातलं एक शहाणं माणूस तिच्या उशाशी असू द्या. पंधरा-पंधरा मिनिटांनी पॅड बघायला लावा. पॅड भरभर भिजत असेल, ती गार पडत असेल, घाबरल्यासारखं करत असेल, तर सिस्टर कितीही कामात असली तरी तिला हाक मारा, आणि ती आली नाही तर पुन्हा मारा.